खांबाचा एकमेव लाभार्थी

ऐक ना! तू फक्त ऐक, मध्ये बोलू नको. फोन ठेव म्हणत नाही, तुझं जे काय डाउनलोड चाललंय ते चालू दे, पण कान इकडे दे. तो अक्षय आहे ना, खरवईचा, नाक्यावरच्या नवीन बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, उल्हासनगर कॅम्प तीनला चंदूसेठच्या दुकानात मोबाईल रिपेअर करतो, तो. त्याच्या घरात सध्या सरकार घुसलंय. म्हणजे माणसं नाही रे. डब्यातून.

सुरुवात एकदम साधी. गेल्या वर्षी नाक्यावर खांब आला. ‘मुक्त तरंग योजना’, सर्व नागरिकांना मोफत वाय-फाय. उद्घाटन दोनदा झालं. पहिल्यांदा नेट चालू होतं पण फोटोवाला आला नाही, म्हणून पुन्हा केलं. दुसऱ्यांदा फोटोवाला आला. खांबाभोवती वीस पावलांवर चुन्याचा गोल आखला आणि पाटी लावली: ‘नागरिकांनी तरंगाचा लाभ वर्तुळातच घ्यावा.’ गोलात उभं राहायचं, आपला नंबर टाकायचा, ओटीपी आला की दोन तास नेट. गोलाच्या बाहेर एक पाऊल टाकलं की तू परत अडाणी.

मग काय, अख्खी खरवई त्या गोलात. कॉलेजची पोरं, रिक्षावाले, सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेली बनूबाई आणि प्लास्टिकच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन अक्षयची मोठी बहीण, तेजल.

तेजलचं ऐक, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. ती चार वर्षं कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. मग तिला एका कंपनीचं घरून काम मिळालं. लोकांची वॉशिंग मशीन बिघडली की ते फोन करणार आणि तेजल त्यांना शांत करणार. पण आधी तीन महिने ट्रेनिंग, मग शेवटची व्हिडिओ परीक्षा. त्यात लाईन दोनदा तुटली की नापास. कारखान्यातली तिची जागा दुसऱ्याच दिवशी भरली होती, म्हणजे मागे जायला रस्ता नाही. पुढे परीक्षा.

आणि ट्रेनिंग कुठे, तर खांबाखाली. तिची ट्रेनर एकदा म्हणाली, “तेजल, तुझ्यामागे कोण ओरडतंय?” तेजल म्हणाली, “कस्टमर आहेत, मॅडम.” ते खरंच होतं, बनूबाईचे होते.

घरात वायरचं नेट घ्या, असं अक्षय वडलांना शंभर वेळा म्हणाला. त्याचे वडील आनंदा, बिल्डिंगच्या मागे त्यांचा भाजीचा मळा आहे, अजून फोनवर ‘हां बोल’ याच्यापुढे गेले नाहीत. ते म्हणाले, “खांब फुकाट देतंय नं? मंग वायर कशाला?”

अक्षयने चंदूसेठला सांगितलं. सेठने गल्ल्याखालून एक जुना राउटर काढला, फुंकर मारली आणि म्हणाला, “ले जा. रिपीटर में डाल दे. खांबाचा सिग्नल पकडेल, घरात फेकेल. पाणी लगने मत देना, बस.”

अक्षयने तो खिडकीच्या ग्रीलला खांबाकडे तोंड करून टांगला आणि पाणी लागू नये म्हणून वरून आइस्क्रीमचा रिकामा डबा उलटा घातला. खांबावर लॉगिन केलं वडलांच्या नंबरने, कारण त्यांचा फोन कायम घरात पडलेला असतो, ओटीपी बघायला सोपं. आणि भाई, काय नेट आलं! तेजल दीड महिन्यात पहिल्यांदा पंख्याखाली बसून ट्रेनिंगला हजर झाली. ट्रेनरने विचारलं, “आज कस्टमर नाहीत?”

दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी दारात श्यामकांतकाका. दुसऱ्या मजल्यावर राहतात, अंबरनाथच्या एका फॅक्टरीतून ऑफिसर म्हणून रिटायर झाले, पण फॅक्टरीने त्यांना सोडलं, त्यांनी ऑफिसरपण सोडलं नाही.

“अक्षय, खिडकीला लोंबणारी वस्तू काय आहे?”

“डबा आहे, काका.”

“सार्वजनिक मालमत्तेचं खासगी वहन चालू आहे. हे अनधिकृत आहे. मी तक्रार करू शकतो.”

“काका, पासवर्ड देऊ?”

काकांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, “कॅपिटलमध्ये आहे का स्मॉलमध्ये?”

संध्याकाळी जिन्यात नोटीस. काकांचं अक्षर. ‘सार्वजनिक वाय-फायचा खासगी वापर करताना रहिवाशांनी शिस्त पाळावी. पासवर्ड बाहेरच्यांना देऊ नये. ही चोरी आहे.’ खाली पासवर्ड.

आठवड्याभरात अख्खी बिल्डिंग डब्यावर. अठ्ठेचाळीस फ्लॅट. मग शेजारची बिल्डिंग, कारण काकांची बहीण तिकडे राहते आणि बहीण काय बाहेरची नाही. चुन्याचा गोल ओस पडला. बनूबाई म्हणायला लागली, “नेट होता तवा गिऱ्हाईक होता. आता खांब हाय आन् मी हाय.”

आता इथे मजा आहे, नीट ऐक. डब्याच्या मागे दोनशे माणसं असली तरी खांबाला एकच दिसतो. ज्याच्या नंबरने लॉगिन केलंय तो. म्हणजे आनंदा.

महिन्याचा अहवाल योजनेच्या ऑफिसात गेला. खरवई खांब: वापर, जिल्ह्यात पहिला नंबर. लाभार्थी: एक. त्या एका लाभार्थ्याने एका दिवसात एकशे बारा तास व्हिडिओ बघितले होते.

आता तुला वाटेल, कोणीतरी विचारेल की दिवसाला तास किती. नाही विचारलं. अहवालात दिवसाचे तास लिहायला रकानाच नव्हता. उलट योजनेच्या अधिकारी पद्मजा मॅडम, बदलापुरातच बसतात, त्या स्वतः गाडी घेऊन त्या आदर्श नागरिकाला बघायला आल्या. बरोबर क्लार्क. आनंदा नुकतेच मळ्यातून आलेले, पायाला चिखल.

“आनंदा आपणच?”

“हां.”

“काल दुपारी तीन वाजता आपण एकाच वेळी दहावीचं बीजगणित, बाळंतपणानंतरचे व्यायाम आणि बुद्धिबळाची स्पर्धा बघत होतात.”

“काल? काल मी भेंडीला पानी लावत व्हतो, बाय.”

मॅडम क्लार्ककडे वळल्या. “लिहून घ्या. शेतीही सांभाळतात.”

तेवढ्यात त्यांची नजर खिडकीकडे गेली. डबा वाऱ्याने ग्रीलवर टकटक करत होता. मॅडम उठल्या, डब्याखाली वाकून बघितलं, हिरवा दिवा बघितला, मग परत येऊन बसल्या.

“हा डबा मला दिसलेला नाही.”

“मॅडम, तुम्ही त्याच्याकडेच बघताय.”

“बघतेय. दिसलेला नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे बघ बाळा, वापर किती होतो याच्याशी शासनाला देणंघेणं नाही. नियम असा आहे की लाभार्थी दोनशेच्या खाली गेले तर खांबाची गरज नाही असं समजून खांब काढून दुसरीकडे लावायचा. माझ्याकडे सात खांब होते. आता तीन उरलेत. हा चांगला चालणारा एकच आहे.”

“पण मॅडम, वापरणारे दोनशे आहेत.”

“ते वापरतायत. लाभ घेत नाहीयेत. लाभ गोलात उभं राहूनच घेता येतो.”

लॉजिक कळलं ना? श्यामकांतकाकांना लगेच कळलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून हजेरी चालू केली. सकाळी सात वाजता सगळ्यांनी खाली उतरायचं, चुन्याच्या गोलात उभं राहायचं, आपापल्या नंबरने लॉगिन करायचं, काकांच्या रजिस्टरमध्ये सही करायची आणि वर येऊन परत डब्याचं नेट वापरायचं. दर दोन तासांनी तसंच. बायका गाऊनवर ओढणी टाकून, पुरुष दात घासत, पहिल्या मजल्यावरच्या कौसाबाई काठी टेकत. कौसाबाईंकडे बटणांचा फोन. काका आपल्या टॅबवर त्यांचा नंबर टाकायचे, ओटीपी त्यांच्या फोनवर यायचा. त्या विचारायच्या, “मंग मला काय भेटला?” काका म्हणायचे, “लाभ.”

चार दिवसांत लाभार्थी दोनशे अकरा. ऑफिसात पेढे वाटले.

आणि वर नेट बंद.

का, तर खांबाची ताकद एका वेळी दोनशे जणांचीच. ते दोनशे होते खाली लॉगिन करून वर गेलेले, नेट न वापरणारे. जो एकटा खरंच नेट वापरत होता, आनंदाच्या नावाचा डबा, त्याला खांबाने बाहेर काढलं. ‘क्षमस्व, आपण रांगेत आहात.’ म्हणजे दोनशे लोकांनी खांब वाचवायला लाभ घेतला आणि त्या लाभामुळे दोनशे लोकांचं नेट गेलं.

तेजलच्या परीक्षेला तेव्हा नऊ दिवस राहिलेले. ती कोणाशी भांडली नाही. ट्रेनिंगचे मिळालेले पैसे घेतले, वायरवाल्याला फोन केला आणि स्वतःच्या नावावर स्वतःचं कनेक्शन घेतलं. कंपनीला कळवलं, कंपनीने ती लाईन परीक्षेसाठी रजिस्टर केली. आता दुसऱ्या कुठल्या लाईनवरून परीक्षा देता येणार नाही. आनंदा तेवढं म्हणाले, “फुकाट सोरून इकत?” तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नवीन पासवर्ड फक्त तिला आणि अक्षयला माहीत. अक्षयला तिने शपथ घातली. “हा पासवर्ड तोंडातून निघाला ना, तर तुला बनूबाईच्या टोपलीत वाळत घालीन.”

परीक्षा गुरुवारी, सकाळी अकराला.

आता सोमवार. सोमवारी खांबच मेला. दिवा चालू, नेट शून्य. खांबाला नेट देणाऱ्या ठेकेदाराचा करार संपला होता. कराराची मुदत वाढवायला फाईल ऑनलाईन पाठवावी लागते. आणि ऑफिसचं नेट त्याच करारात होतं.

मंगळवारी पद्मजा मॅडम परत हजर. या वेळी क्लार्क नाही, गाडी पण कोपऱ्यावर लावलेली. घरात एकटा अक्षय. मॅडम डब्याकडे बघत म्हणाल्या, “गुरुवारी पाहणी समिती येतेय. वरून. चालू खांब दाखवायचाय. हा डबा उलटा लावता येईल का?”

“उलटा म्हणजे?”

“आत्तापर्यंत खांबाचं घरात येत होतं. आता घरातलं खांबाकडे जाईल. तुमच्याकडे नवीन लाईन आलीय असं श्यामकांतरावांनी कळवलंय. नाव फक्त ‘मुक्त तरंग’ ठेव. अर्धा तास.”

“मॅडम, ती ताईची लाईन आहे. गुरुवारी अकराला तिची परीक्षा आहे.”

“समिती साडेदहाला येणार. अकराच्या आत जाईल.”

“आणि नाही म्हटलं तर?”

मॅडमनी पर्समधून प्लास्टिकची फाईल काढली. त्यात दोन पत्रं, दोन्ही टाईप केलेली, दोन्हींवर आनंदाचं पूर्ण नाव. एक प्रशस्तिपत्र: ‘आदर्श डिजिटल नागरिक’. दुसरी नोटीस: सार्वजनिक तरंगाचा घरगुती उपकरणाद्वारे अनधिकृत विस्तार केल्याबद्दल कारवाई का करू नये.

“तारीख दोन्हींवर गुरुवारचीच आहे,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “सही कुठल्यावर करायची ते अजून ठरलेलं नाही.”

अक्षयने काय केलं? डबा फिरवला. त्याने स्वतःला समजावलं की साडेदहा ते अकरा, अर्धाच तास, तेजलला कळणार पण नाही. पासवर्ड तोंडातून काढला नाही, हां. शपथ पाळली. फक्त मशीनमध्ये भरला.

गुरुवार. साडेदहाला समिती येणार होती. साडेदहाला नाश्ता आला. पावणेअकराला गालिचा. समिती आली अकरा वाजून पाच मिनिटांनी.

गोलात दोनशे लाभार्थी उभे. काका ब्लेझर घालून, हातात रजिस्टर. गोल गालिच्याखाली गेला होता म्हणून वरून रांगोळीने परत काढलेला. वर तिसऱ्या मजल्यावर खिडकी बंद, पंखा बंद, आवाज नको म्हणून कुकर पण लावलेला नाही, आणि तेजल कॅमेऱ्यासमोर केस बांधून बसलेली.

समितीचे साहेब खूश. म्हणाले, “वा! पण खरंच चालतं का? सगळ्यांनी एकदम एक-एक व्हिडिओ लावा बघू.”

दोनशे फोन वर आले. दोनशे व्हिडिओ. कोणाचं गाणं, कोणाचं क्रिकेट, कोणाची पाककृती. ते सगळं तेजलच्या एका वायरमधून.

अक्षय गोलातच उभा, मॅडमच्या बाजूला. खिशात फोन थरथरला. तेजलचा मेसेज: ‘एकदा तुटली. नेट कोण खातंय? बघ ना पटकन.’

जिना तीन मजल्यांचा. धावत गेला असता तर अर्धा मिनिट. डब्याची पिन काढायला एक सेकंद. त्याने मॅडमकडे बघितलं. मॅडमच्या हातात फाईल, आणि उघडं पेन. समोर आनंदा नवा सदरा घालून उभे, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी कोणी खुर्ची ठेवलेली. साहेब म्हणत होते, “अजून एक मिनिट चालू द्या, फोटो होऊ दे.”

अक्षय उभा राहिला.

फोन परत थरथरला. या वेळी मेसेज नव्हता, नुसतं एक टिंब. तिच्याकडून टाईप करताना पाठवलं गेलं असेल. त्याने वर बघितलं. खिडकी उघडली होती. तेजल कानाला हेडफोन तसाच लावून उभी, डब्याकडे बघतेय. डबा उलटा फिरवलेला, घरातलं नेट खांबाकडे जातंय, हे बरोबर ओळखलं तिने. मग खाली बघितलं, दोनशे फोन, आणि मधोमध भाऊ. खिडकी लावून घेतली.

टाळ्या चालू होत्या. मॅडमनी प्रशस्तिपत्रावर सही केली.

लाईन दुसऱ्यांदा पण तुटली होती, म्हणजे नापास. तेजलने कंपनीच्या हातापाया पडून शेवटचा चान्स मागितला आणि त्यांनी दिला. उद्या, अकरा वाजता. त्याच लाईनवरून. पुन्हा तुटली तर विषय संपला.

आता तू म्हणशील, मग काढ ना डबा! तेच तर सांगतोय. समितीला तो खांब एवढा आवडला की काल आदेश आला: ‘खरवई पद्धत’. यापुढे प्रत्येक खांब जवळच्या खिडकीतून लोकसहभागाने चालवायचा. अंबरनाथला जागा बघतायत, विठ्ठलवाडीला खिडक्या मोजून झाल्या. क्लार्क आला आणि आइस्क्रीमच्या डब्यावर लाखेचं सील मारून गेला. सील तोडलं तर शासकीय मालमत्तेचं नुकसान. वायर तेजलची, पण ती ज्या प्लगात जाते तो पण सीलमध्ये. पासवर्ड बदलायचा तर अर्ज, अर्ज ऑनलाईन, आणि ऑफिसचं नेट अजून बंदच आहे. पद्मजा मॅडम स्वतः दुपारी खांबाखाली येऊन मेल बघतात.

म्हणून काल संध्याकाळपासून अक्षय एकेकाच्या दारात जातोय. “उद्या अकरा ते बारा फक्त नेट वापरू नका, ताईची परीक्षा आहे.” सगळे चांगलं बोलतात. कौसाबाई म्हणाल्या, मी नवस बोलते. बनूबाईने तेजलला सुक्या बोंबलाची पिशवी पाठवली, वर निरोप, हुशार पोर हाय, होईल पास. काका म्हणाले, “मुलीने नाव काढलं पाहिजे. मी एकटा थोडं पेपर वाचेन, पण एकट्याने काय फरक पडतो?” एकशे चाळीस जण झाले. एकशे चाळीस वेळा त्याने तेच ऐकलंय: माझ्या एकट्याने काय फरक पडतो.

तेजल त्याच्याशी बोलत नाही. लॅपटॉप चार्जिंगला लावलाय, केसांची क्लिप काढून टेबलावर ठेवलीय उद्यासाठी. डब्याजवळ अक्षय बसलाय, हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर लाखेचं सील, भिंतीवर वडलांचं प्रशस्तिपत्र फ्रेममध्ये. मला फोन करून ‘काय करू’ विचारत होता, मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला, कारण मी बोलत होतो तो कॉल पण तेजलच्याच नेटवरून लागलेला.

म्हणून तुला विचारतोय. आपण कुठे बसलोय बघ. पायाखाली चुना आहे. तुझ्या फोनवर वर काय लिहिलंय, ‘मुक्त तरंग’, फुल रेंज. तुझं डाउनलोड किती झालं, चाळीस टक्के? उद्या अकरापर्यंत चालेल ना ते? थांबव असं मी म्हणत नाही. माझं पण चालू आहे. फक्त खरं सांग, अक्षयच्या जागी तू असतास, तर तू काय केलं असतंस?